भाड्याच्या गाडीने म्युनिक ते टस्कनी: आधी रस्ता, मग विमा, मग गाडी

उन्हाळ्यात आमच्याकडे म्युनिकला पुण्या-नाशकाहून पाहुणे येतात. पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी फोन पुढे करून विचारतं, "ही गाडी बुक केलीये, स्वस्तात मिळाली. बरोबर आहे ना?" बहुतेक वेळा बरोबर नसते. गाडी इटलीत न्यायची परवानगी नसते, किंवा गिअर हाताचे असतात, किंवा विम्यात टायर आणि काच नसते, किंवा खिशात फक्त डेबिट कार्ड असतं. गाडी चालवता सगळ्यांना येते. चुकतो तो क्रम: गाडी आधी बुक होते आणि बाकीचं नंतर आठवतं.

म्हणून हा लेख क्रमाने. उदाहरणाला एकच वाट घेतली आहे: म्युनिक, इन्सब्रुक, ब्रेनर घाट, व्हेरोना, फ्लोरेन्स, सिएना आणि परत. फ्लोरेन्सपर्यंत एका बाजूने साधारण साडेसहाशे किलोमीटर. तीन देश आणि तिन्हींकडे टोलची तऱ्हा वेगळी, त्यामुळे जवळजवळ सगळ्या अडचणी याच वाटेवर भेटतात.

१. कागद: निघायच्या महिनाभर आधी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, तुमच्या आरटीओकडूनच मिळतो. सारथी पोर्टलवर अर्ज, नमुना ४ए, सोबत लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. हा परवाना म्हणजे मूळ लायसन्सचं भाषांतर आहे. मूळ स्मार्टकार्ड घरी ठेवून नुसता आयडीपी आणलात तर गाडी मिळणार नाही. फोनमधल्या डिजिलॉकरवर विसंबू नका, प्लास्टिकचं कार्डच लागतं.

नाव जुळतं का ते आजच बघा. आपल्याकडे लायसन्सवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर ते दुसऱ्या रकान्यात असतं, क्रेडिट कार्डवर नुसतं आद्याक्षर. काउंटरवरचा माणूस तिन्ही शेजारी ठेवून बघतो. आडनाव आणि पहिलं नाव तिन्हींवर एकाच स्पेलिंगमध्ये हवं.

कार्ड क्रेडिटच हवं आणि ते ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचंच. मुलाच्या कार्डावर वडिलांना गाडी मिळत नाही. फॉरेक्स प्रीपेड कार्ड डिपॉझिटला सहसा चालत नाही. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात (रिझर्व्ह बँकेचा हा नियम मार्च २०२०पासूनचा), तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा वाढवा आणि चार आकडी पिन पाठ करा.

सावधान: जर्मनीत राहायला आलेल्यांसाठी नियम वेगळा आहे. इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनंतर भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही, सोबत आयडीपी असला तरी नाही. "मुलगा इथेच नोकरी करतो, तो चालवेल" असं ठरवणाऱ्या आईवडिलांनी हे आधी विचारून घ्यावं. वैध लायसन्स नसताना अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

२. रस्ता कागदावर उतरवा

एक पान घ्या. कोणते देश, कोणत्या तारखेला, रात्रीचा मुक्काम कुठे आणि तिथे गाडी कुठे उभी राहणार, एवढं लिहा. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि सगळ्यात महाग चूक तिथेच होते. (सातवा टप्पा बघा.)

आपल्या वाटेवर:

- जर्मनी: मोटारीला टोल नाही.
- ऑस्ट्रिया: महामार्गासाठी विन्येट, म्हणजे मुदतीचा पास. काचेवर चिकटवायचा किंवा गाडीच्या नंबरवर ऑनलाइन घ्यायचा. ब्रेनरच्या ए-१३ मार्गाला हा पास लागत नाही, पण तिथे वेगळा टोल आहे. इन्सब्रुकपर्यंतच्या ए-१२ला मात्र पास लागतोच.
- इटली: आत शिरताना तिकीट, बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे.

वाट स्वित्झर्लंडमधून नेणार असाल तर तिथला पास वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँक. एका दिवसासाठीही तेवढेच.

तपासा: नंबरावर निघणारी कोणतीही गोष्ट गाडी हातात आल्याशिवाय घेता येत नाही, कारण नंबरच माहीत नसतो. म्हणून काउंटरवर पोहोचायच्या आधी फोनमध्ये इंटरनेट चालू हवं.

३. विमा: बुकिंगच्या आधी समजून घ्या

व्हिसासाठी काढलेला प्रवासविमा गाडीचा विमा नव्हे. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच लागतं, आणि ते तुमच्या आजारपणासाठी असतं. गाडीच्या दाराला पडलेल्या पोच्याशी त्याचा संबंध नाही. काही प्रवासविम्यांत भाड्याच्या गाडीचं कलम असतं. तुमच्या पॉलिसीत ते लिहिलेलं दिसलं तरच धरा.

आता गाडीचा विमा. समोरच्याचं नुकसान भरून देणारा थर्ड पार्टी विमा भाड्यात असतोच, कायद्यानेच. प्रश्न येतो तो भाड्याच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानाचा. त्यासाठी करारात सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर, म्हणजे गाडीच्या नुकसानाची माफी) आणि चोरीचं संरक्षण लिहिलेलं असतं. ते वाचून लोक निर्धास्त होतात, आणि इथेच फसतात. कारण सीडीडब्ल्यू एका रकमेच्या वरचं नुकसान माफ करतो, खालचं तुमच्यावर. आपल्याकडे गाडीच्या पॉलिसीत हजार-दोन हजार रुपयांचं कंपल्सरी डिडक्टिबल असतं तीच कल्पना, फक्त इथे हजार-पंधराशे युरो हा आकडा सर्रास दिसतो. इंग्रजी करारात या रकमेला एक्सेस म्हणतात, जर्मनीत झेल्ब्स्टबेटायलिगुंग, इटलीत फ्रांकीजिया.

समजा एक्सेस १,२०० युरो आहे. बंपरचं काम ७०० युरोंचं निघालं, तर सगळे ७०० तुमचे. काम ५,००० चं निघालं, तर तुमचे १,२००. म्हणजे पार्किंगमध्ये होणाऱ्या रोजच्या छोट्या ओरखड्यांना सीडीडब्ल्यूचा तुम्हाला काहीच उपयोग नाही.

ही रक्कम शून्यावर आणायचे दोन मार्ग आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला, गाडी देणाऱ्या कंपनीचंच शून्य एक्सेसचं पॅकेज. महाग पडतं, पण नुकसान झालं तरी तुम्ही काही भरत नाही आणि डिपॉझिटही कमी अडकतं.

दुसरा, बुकिंगच्या वेबसाइटने किंवा स्वतंत्र विमा कंपनीने विकलेला परताव्याचा विमा. पुष्कळ स्वस्त. पण काउंटरवर तो नसल्यासारखाच. तिथे पूर्ण डिपॉझिट अडकतं, नुकसान झालं तर कंपनी तुमच्या कार्डातून पैसे कापते, आणि मग तुम्ही कागद जोडून ते परत मागायचे. लागणारे कागद: भाड्याचा करार, गाडी घेताना आणि देतानाचा अहवाल, नुकसानाचं बिल, कार्डाचं स्टेटमेंट, अपघात असेल तर पोलिसांचा कागद.

माझं मत विचाराल तर: कार्डावर दोन-अडीच लाखांची मोकळी मर्यादा असेल आणि कागद जपायची सवय असेल तर दुसरा मार्ग घ्या. आईवडील दोघेच फिरणार असतील, इंग्रजीत पत्रव्यवहार करायचा कंटाळा असेल, तर पहिला घ्या आणि जास्तीचे पैसे निवांतपणाचे समजा.

कोणताही घ्या, वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. टायर, रिम, काचा, आरसे, छप्पर आणि गाडीचा तळ या गोष्टी साध्या सीडीडब्ल्यूमध्ये बहुधा नसतात. आपल्यासाठी रिम आणि उजवा आरसा सगळ्यात महत्त्वाचे. उजवीकडे बसून चालवायची सवय असलेला माणूस डावीकडे बसला की गाडी नकळत उजवीकडे सरकवतो, आणि फुटपाथचा दगड नेमका उजव्या चाकाला खरवडतो. चुकीचं इंधन, हरवलेली किल्ली आणि गाडी ओढून न्यायचा खर्च शून्य एक्सेसमध्येही अनेकदा नसतो.

सावधान: विमा पूर्ण रद्द करणाऱ्या गोष्टी चार. दारू पिऊन चालवणं, करारात नाव नसलेल्याने चालवणं, परवानगी नसलेल्या देशात गाडी नेणं, आणि अपघातानंतर करारात सांगितलेलं असूनही पोलिसांना न बोलावणं. "जरा दहा मिनिटं तू चालव" हे वाक्य युरोपात उच्चारू नका. दुसऱ्या चालकाचे पैसे भरून त्याचं नाव घाला.

४. आता बुकिंग

इथे वेळ कमी लागतो, कारण उत्तरं तयार असतात. ऑटोमॅटिक स्वतः निवडा, न निवडल्यास हाताचे गिअर येतात. किलोमीटरची मर्यादा नसलेली गाडी घ्या. इंधन 'भरलेली घ्या, भरलेली द्या' या अटीवर. गाडी जिथून घेतली तिथेच परत द्या, एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचं शुल्क कित्येकदा भाड्याएवढं असतं. ऑस्ट्रिया आणि इटली या दोन देशांची परवानगी अटींमध्ये शोधा. महागड्या जर्मन ब्रँडच्या गाड्यांना इटलीची बंदी असू शकते. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर छोटी गाडी पुरत नाही, आणि मागच्या सीटवर दिसणारी बॅग म्हणजे चोराला आमंत्रण.

लहान मूल असेल तर बूस्टर किंवा सीट आधीच मागा. जर्मनीत १२ वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत ते सक्तीचं आहे, इटलीतही १५० सेंटिमीटरची अट आहे. मांडीवर मूल चालत नाही. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जाणार असाल तर हिवाळी टायर लेखी मागून घ्या.

५. काउंटर

विमानातून उतरून, झोप न झालेल्या अवस्थेत, रांगेत उभं राहून सही होते. जमल्यास पहिली रात्र शहरात काढा आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

काउंटरवर तुम्हाला जादा विमा देऊ करतील. परताव्याचा विमा काढलेला असेल तर "तो आमच्याकडे चालत नाही" असंही ऐकाल. ते खरं आहे, तो तिथे चालवायचाच नसतो. शांतपणे नको म्हणा. सही करायच्या आधी छापील करारात चार ठिकाणं बोट ठेवून वाचा: विम्याच्या ओळी, चालकांची नावं, देश, एकूण रक्कम. नको असलेली वस्तू पडद्यावर टिक केलेली दिसली तर काढायला लावा. मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो. रुपयाचा दर तिथे महाग लावतात.

डिपॉझिट गाडी परत दिल्यावर सुटतं, पण भारतीय कार्डावर ते दिसायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. त्याच कार्डावर पुढची हॉटेलं अवलंबून ठेवू नका.

६. पार्किंगमधली वीस मिनिटं

किल्ली मिळाली की सामान भरायची घाई होते. आधी फोन काढा. गाडीभोवती सावकाश एक चक्कर, अखंड व्हिडिओ. मग चारही रिम जवळून, समोरची काच, छप्पर, दोन्ही बंपरांच्या खालच्या कडा. आत इंधनाचा काटा आणि किलोमीटर. अहवालात नसलेला ओरखडा दिसला तर परत जाऊन लिहून घ्या, त्यांची सही घ्या. मजला अंधारा असेल तर गाडी उजेडात आणून पुन्हा फोटो.

मग बसल्या जागी:

- इंडिकेटर डावीकडच्या दांडीला आहे. आपल्या मारुती-ह्युंदाईत तो उजवीकडे असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस वळताना वायपर चालू होतात. दहा वेळा हाताने सवय करा.
- इंधनाच्या झाकणाच्या आत बघा. वर्तुळात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. २०१८पासून ही खूण सगळ्या युरोपीय संघात एकच आहे. नळीच्या रंगावर जाऊ नका, खूण जुळवा. इटलीत डिझेलला गासोलियो म्हणतात.
- त्रिकोण आणि चमकणारी जॅकेटं कुठे आहेत ते बघा. जॅकेट डिकीत नको, हाताशी.
- ऑस्ट्रियाचा डिजिटल पास आत्ता घ्या, आस्फिनाग या तिथल्या महामार्ग कंपनीच्या अधिकृत साइटवरून. नंबर घालताना देश जर्मनी निवडा, इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत करू नका. दलाल साइट जास्त पैसे घेतात.

७. वाट काढणं

नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, बोगद्यांत आणि घाटात नेट जातं. ॲपच्या सेटिंगमध्ये 'टोल टाळा' चुकून चालू नाही ना बघा, नाहीतर ब्रेनरच्या महामार्गाऐवजी जुन्या घाटरस्त्यावर ट्रकांच्या मागे जाल. आवाज चालू ठेवा आणि फोन शेजारच्याच्या हातात द्या.

पाट्यांचे रंग देशागणिक बदलतात, आणि हे कुणी सांगत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात महामार्गाची पाटी निळी. इटलीत महामार्ग हिरवा आणि निळा म्हणजे साधा रस्ता. सीमा ओलांडली की डोक्यातला रंग बदला.

उजवीकडून चालवताना एकच खूण धरा: चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असतो. भारतातही असतो, इथेही. तुमच्या बाजूला फुटपाथ दिसला तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. धोका भर वाहतुकीत नसतो. तो असतो पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर. गोल चौकात आतल्यांना आधी जाऊ द्या आणि उजवीकडे वळून शिरा. वस्तीत जिथे काहीच पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, तो सायकलवर असला तरी. पिवळा चौकट-हिरा दिसला की तुमचा रस्ता मुख्य.

वेगाचं थोडक्यात: इटलीच्या महामार्गावर १३०, पावसात ११०. ऑस्ट्रियात १३०, पण टिरोलमध्ये ए-१२वर प्रदूषणामुळे १०० ची मर्यादा असते आणि तिथे कॅमेरे आहेत. जर्मनीत डावी लेन ओव्हरटेकपुरतीच, उजवीकडून ओव्हरटेक नाही. वाहतूक थांबली की जर्मनी-ऑस्ट्रियात डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधून रुग्णवाहिकेला वाट ठेवायची. सायरन ऐकू यायच्या आधीच.

टोलनाक्यांवर इटलीत पिवळी टेलिपास लेन (आपल्या फास्टॅगसारखी) तुमची नाही. पांढऱ्या पाटीवर हात आणि नाण्यांचं चित्र असेल तिथे जा. निळी लेन कार्डाची. कार्ड चाललं नाही तर मदतीचं बटण दाबा, पावती घ्या, ती १५ दिवसांत ऑनलाइन भरता येते. मागे कधीही येऊ नका, तो मोठा गुन्हा आहे. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लागतात, म्हणून ते ठेवायची जागा एकच ठरवा. पन्नास युरो सुटे हाताशी असू द्या.

बोलोन्याच्या पुढे डोंगरात ए-१चे दोन फाटे होतात: दिरेत्तिस्सिमा आणि पानोरामिका. दोन्ही फ्लोरेन्सलाच जातात. ऐनवेळी लेन बदलू नका.

झेडटीएल: सगळ्यात महाग पाटी

इटलीच्या जुन्या शहरांचा मध्यभाग बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. झोना आ त्राफिको लिमितातो, म्हणजे झेडटीएल. फाटक नाही, पोलीस नाही, लाल वर्तुळाची एक पाटी आणि कॅमेरा. पाटीखालच्या पडद्यावर 'वार्को आत्तीव्हो' असेल तर बंदी चालू, 'नॉन आत्तीव्हो' असेल तर जाता येतं. नकाशाचं ॲप तुम्हाला तिथून निर्धास्त आत नेऊ शकतं.

काही वर्षांपूर्वी फ्लोरेन्समध्ये हॉटेल शोधताना मी एकाच संध्याकाळी अशा दोन कॅमेऱ्यांखालून गेले. सात महिन्यांनी दोन दंड आले. प्रत्येक कॅमेरा म्हणजे वेगळा दंड, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पाहुण्यांपैकी कुणाच्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून दुसऱ्या टप्प्यातल्या रिकाम्या रकान्यावर मी इतकी अडून बसते.

तर, तीन पर्याय:

- फ्लोरेन्सला गाडी शहरात नेऊच नका. ए-१वरच व्हिला कोस्तान्झा नावाचं वाहनतळ आहे, महामार्गावरून न उतरता तिथे गाडी लावता येते आणि टी-१ ट्राम थेट सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकापाशी जाते.
- सिएनाला सांता कातेरिना वाहनतळावर लावा, तिथून सरकते जिने वर शहरात नेतात.
- हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर आगाऊ ईमेल करा, आणि गाडी मिळाल्याबरोबर नंबर कळवा. ते पोलिसांकडे नोंद करतात. "केली" असं लेखी उत्तर आल्याशिवाय आत शिरू नका.

साध्या पार्किंगच्या रेषा: पांढरी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव.

८. काही झालं तर

जॅकेट आधी घाला, मग उतरा. त्रिकोण ठेवा. कुणाला लागलं असेल तर ११२. फोटो काढा: दोन्ही गाड्या, नंबर, रस्ता. मग कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन. जर्मन करारांत बहुधा छोट्या अपघातालाही, समोर कोणी नसलं तरी, पोलीस बोलवा असं लिहिलेलं असतं, तेव्हा बोलवाच. ग्लोव्ह बॉक्समध्ये युरोपीय अपघात अर्ज असतो. त्याचे रकाने सगळ्या भाषांत त्याच क्रमाने असतात, म्हणून इंग्रजी प्रत फोनमध्ये ठेवली की इटालियन अर्ज भरता येतो. न कळलेल्या मजकुरावर सही नको. परवानगीशिवाय गॅरेजमध्ये काम करून घेऊ नका.

चुकीचं इंधन भरलंत हे पंपावरच लक्षात आलं तर गाडी सुरू करू नका. किल्लीही फिरवू नका. तिथूनच फोन करा.

गाडीतलं सामान चोरीला गेलं तर गाडीचा विमा ते देत नाही. पासपोर्ट अंगावर. तसाही जर्मनीच्या सीमेवर तपासणी होऊ शकते.

९. परत देताना

विमानतळाजवळचा पंप महाग असेल, तरी टाकी तिथेच भरा आणि पावती ठेवा. दिवसाउजेडी, कर्मचारी असताना गाडी द्या. 'नवीन नुकसान नाही' असं लिहिलेला कागद हातात घ्या. रात्री पेटीत किल्ली टाकून जावं लागलं तर दुसऱ्या दिवशी तपासणी होईपर्यंत जबाबदारी तुमचीच, म्हणून पुन्हा तोच व्हिडिओ, काट्यांसह.

सगळे फोटो आणि कागद वर्षभर पुसू नका. इटलीचा दंड परदेशी पत्त्यावर यायला ३६० दिवसांपर्यंत मुदत असते. आधी तुमच्या कार्डातून तीस-पन्नास युरो कापले जातील. ते गाडीच्या कंपनीचं शुल्क, तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल. दंड भरला असं त्यावरून समजू नका. खरा दंड नंतर टपालाने येतो. पत्र हाती पडल्यापासून ५ दिवसांत भरलात तर वाहतुकीच्या बहुतेक दंडांत ३० टक्के सूट मिळते. तारीख, वेळ आणि ठिकाण तुमच्या त्या पहिल्या पानाशी ताडून बघा, आणि त्या दिवशी तुम्ही तिथे नव्हताच असं निघालं तर वाहनतळाची पावती जोडून हरकत घ्या.